तालमीचा तुरट अर्क

आधीच सांगून टाकते, माझ्या अर्कानं आजवर एकही माणूस पैलवान झालेला नाही. पैलवान होतो तो जोर-बैठका मारून, वस्तादाच्या शिव्या खाऊन आणि घरच्यांच्या ताटातलं दूध-तूप स्वतःच्या पोटात घालून. माझी बाटली म्हणजे दमलेल्या अंगाला दोन घोट आधार, बास. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे. आमचे हे कपाळाला हात लावायचे. "अगं, विकणाऱ्यानं असं बोलायचं असतं का?" मी म्हणायचे, "मग काय खोटं बोलू? मला नाही जमत." पण एकदा ते जमवलं, आणि ते कसं अंगाशी आलं ते सांगायला आज बसले आहे.

गोष्ट नव्वदनंतरच्या काही वर्षांतली. आमचं घर अंथुर्ण्याला, इंदापूर तालुक्यात. कालव्याखाली सगळा ऊस, पण ज्यांच्या वाट्याला माळ आला होता त्यांनी डाळिंब लावायला सुरुवात केली होती. आम्हीही लावलं. डाळिंबाचं झाड मोठं मानी असतं. पाण्याची पाळी चुकली, ताण पडून मग एकदम पाणी मिळालं, की फळ तडकतं. आत दाणा चांगला टपोरा, पण सालीला चीर गेली की व्यापारी हात लावत नाही. लोक पाट्याच्या पाट्या बांधावर ओतायचे आणि पोपट मजा करायचे. ते बघून माझा जीव तुटायचा. शेवटी मी पुण्याला जाऊन फळं टिकवायचं शिक्षण घेऊन आले, गोठ्याशेजारची खोली साफ करून तिला फरशी घातली, परवाना काढला आणि तडकलेल्या डाळिंबांचा अर्क करायला लागले. गावानं मला नावही दिलं, अर्कवाल्या वहिनी.

अर्क म्हणजे रस नव्हे, हे सांगता सांगता माझी जीभ झिजली. फळं धुवायची, फोडायची, दाणे हातानं मोकळे करायचे. मग दाब देणाऱ्या यंत्रात रस काढायचा, मलमलीतून गाळायचा, गरम करून रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचा नितळ रस अलगद काढून घ्यायचा, गाळ खाली ठेवायचा, आणि तो नितळ रस मंद आचेवर आटवायचा. घट्ट झाला की उकळलेल्या बाटल्यांत भरायचा. मोठी पाटीभर फळं जायची तेव्हा कुठं दोन बाटल्या हाताला लागायच्या. शिकवणाऱ्या सरांनी एक गोष्ट घोकून घेतली होती. साल तर नाहीच, पण दाण्यांच्या मधला पिवळा पापुद्रासुद्धा आत जाता कामा नये. एवढासा तुकडा गेला तरी अख्खी कढई तुरट होते. माझ्याकडं दाणे काढायला येणाऱ्या बायका या पापुद्र्यावरून माझी इतकी बोलणी खायच्या की विचारू नका.

गिऱ्हाइकं म्हणजे कष्टाचा व्यायाम करणारी. पोलीस भरतीसाठी कालव्याच्या रस्त्यानं पहाटे पळणारी पोरं, कबड्डीवाले, बारामतीला सायकलच्या शर्यतीत उतरणारे दोघे भाऊ. सांगणं एकच. घाम गाळून झाला की ग्लासभर पाण्यात दोन चमचे अर्क आणि चिमूटभर मीठ, सावकाश प्यायचं. दुधात घालायचं नाही. तरी एक शहाणा दुधात घालायचाच, आणि नासलेल्या दुधाचा तांब्या घेऊन भांडायला यायचा. मग मी त्याला माझ्या ओट्यावर बसवून, बाटलीवर छापलेली ओळ मोठ्यानं वाचायला लावायचे.

एकदा पळसदेवचा एक गृहस्थ आला. पांढरा सदरा, गळ्यात टॉवेल, घाई फार.

"वहिनी, चार बाटल्या द्या."

"पैलवान कोण?"

"सोन्या."

"वय काय त्याचं? वजन किती?"

"वय सा वर्सं. वजन कुणी केलंय! शिंगं धरून बघा पायजे तर."

मी हातातलं फडकं आपटलं. "बैलाला? अहो, इथं माणसांना पुरत नाही!"

"माणसं कुठं पळत्यात, वहिनी? पळतोय त्यो सोन्याच की. आमी आपलं मागनं आरडतो."

 दिल्या चार बाटल्या. पंधरवड्यानं परत आला. बैलानं वास घेऊन तोंड फिरवलं होतं म्हणे, मग सगळा अर्क यानंच संपवला आणि आता त्याला स्वतःसाठी आणखी हवा होता.

असा धंदा चालला होता. पण पैलवान मात्र हाताला लागेनात, आणि आमच्या भागात पैलवानांनी नाही म्हटलं तर बाकीचे किती दिवस हो म्हणणार? आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर एक जुनी तालीम होती. तिथले वस्ताद म्हणजे तात्या. साठी उलटलेली, कान चुरगळलेले, आवाज असा की रस्त्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडं जाऊन बसावं. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही असा रिवाज. मला त्याचा राग यायचा, नाही असं नाही. पण धंदा करायचा होता, म्हणून मी बाहेरच्या पायरीवर उभी राहून बाटली पुढं केली. तात्यांनी अर्क तळहातावर घेऊन चाटला आणि टॉवेलला हात पुसला.

"ह्ये सरबत हाय, वहिनी. पोरीबाळींना पाजा."

"तात्या, हा निव्वळ फळाचा अर्क आहे. साखरेचा दाणा नाही यात."

"आसंल. पर गोड ते खाऊ, आन कडू-तुरट ते औषध. जीभ आखडली पायजे, तवा पोराला वाटंल काय तरी पोटात गेलं. न्हायतर इस्वास कसा बसायचा?"

मी घरी आले ती चरफडतच. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी, जे करू नये म्हणून शिकले होते तेच केलं. डाळिंबाच्या साली धुऊन उकळल्या, तो काढा आटवला आणि अर्कात घातला. सासूबाई चुलीपुढून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, साल कशाला घालतीस? जुलाब लागल्यावर पोट बांधायला देत्यात ती." मी म्हटलं, "थोडीशीच आहे हो. एवढ्यानं काय होतंय?" शिकलेल्या सुनेचा तोरा, दुसरं काय. घरात पिढ्यान् पिढ्या माहीत असलेली गोष्ट मला ऐकू आली, पण मी ती मानली नाही.

तात्यांनी नवा अर्क चाटला आणि त्यांचं तोंड असं आवळलं की मिशा वर गेल्या. "हां! ह्येला म्हनत्यात अर्क!" त्या दिवसापासून तालमीत बाटल्या जायला लागल्या. मी वेगळं लेबल छापून घेतलं, 'तालीम स्पेशल'. पैलवान घेतात म्हटल्यावर भरतीवाली पोरंही तेच मागायला लागली, कबड्डीवालेही. तुरटपणात ताकद असते असं मी कधी तोंडानं म्हटलं नाही. पण कुणी म्हणालं तर खोडूनही काढलं नाही. खोटं बोलायची ही सगळ्यात सोपी रीत आहे, आणि ती मी छान वापरली. वर सगळ्यांना थोडं थोडं घ्यायला सांगितलेलं, त्यामुळं कुणाची तक्रार नाही.

त्याच तालमीत बिरू होता. गाव कऱ्हाटी, तिकडं बारामतीच्या पलीकडं. त्याचे वडील अजून मेंढरांमागं हिंडत होते, वर्षातले आठ महिने पालावर. बिरूला त्यांनी लहानपणीच तात्यांच्या हाती दिलेला. अंगानं पिळदार, बोलायला अगदी मुखदुर्बळ. माझ्याकडं बाटली न्यायला आला की अंगणाच्या टोकाला उभा राहायचा आणि मी विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. त्याचं एकच काम अडलं होतं. खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागायची तर राज्याच्या स्पर्धेत खेळल्याचा दाखला लागायचा. त्यासाठी आधी जिल्ह्याच्या संघात निवड व्हायला हवी. आणि नोकरीच्या वयाची अट अशी की त्या वर्षीची निवड हुकली तर पुढचा दाखला मिळून उपयोग नव्हता. तात्यांनीच मला हे सांगितलं होतं. "बिर्‍याची ह्यी शेवटची गाडी हाय, वहिनी. चुकली तर परत मेंढरं."

निवडीच्या कुस्त्या इंदापूरला, एका शाळेच्या मैदानावर होत्या. बिरू अडुसष्ट किलोच्या गटात. चार दिवस आधी तात्यांनी त्याला सोसायटीच्या गोदामात पोत्यांच्या काट्यावर उभा केला, तर किलोभर जास्त भरला. ती काही मोठी गोष्ट नव्हती, सगळेच पैलवान शेवटच्या आठवड्यात पोट मारतात. बिरूचं खाणं बंद झालं, पाणी घोटावर आलं. पुन्हा वजन करायचं कुणाच्या मनात आलं नाही. पोटात अन्न नाही तर वजन वाढणार कुठून, असा साधा हिशेब.

मीही इंदापूरला गेले होते. शाळेच्या फाटकाशी टेबल मांडलं, बाटल्यांची उतरंड लावली, वर कापडी फलक बांधला. सगळ्या जिल्ह्याचे पैलवान येणार, याहून चांगली जाहिरात कुठली! सकाळी वर्गाच्या खोलीत दार लावून वजनं चालली होती. मी पहिली बाटली विकते न विकते तोच तात्या बाहेर आले. मागून बिरू, अंगावर घोंगडी पांघरलेला, चेहरा उतरलेला.

"तीनशे ग्रॅम!" तात्या कुणाला म्हणून नाही, मैदानालाच सांगत होते. "चार दीस पोरगं उपाशी हाय, आन काटा तीनशे ग्रॅम जादा दावतोय! काटा खोटा म्हनावं, तर बाकीच्यांची वजनं बराबर आली!"

काटा अजून तासभर उघडा राहणार होता. बिरू घोंगडीसकट मैदानाला फेऱ्या मारायला लागला. पण घाम यायला अंगात पाणी तर हवं. दहा-बारा फेऱ्या झाल्या तरी कपाळ कोरडंच. शाळेबाहेरच्या न्हाव्याला बोलावून त्याचं डोकं भादरलं. परत काट्यावर उभा केला, तर काटा थोडासाच खाली आला. बिरू पायरीवर पोटावर हात धरून बसला. त्या हाताकडं माझं लक्ष गेलं आणि सासूबाईंचं बोलणं आठवलं.

मी टेबल सोडून त्याच्यापुढं गेले. "बिरू, अर्क किती घेत होतास?"

तो खाली बघत म्हणाला, "रोजचं दोन चमचं. ह्या हप्त्यात... वाटीभर."

"वाटीभर? नुसता?"

"पानी प्यायचं न्हवतं ना, वहिनी. आन म्हनलं, जोर टिकंल."

अति तिथं माती म्हणतात, पण ती माती माझ्या बाटलीतली होती. आजूबाजूला तीन-चार तालमींचे लोक उभे होते, वस्ताद, पंच, पोरं. मी एकटी बाई. आणि मला जे विचारायचं होतं ते आमच्याकडं बाईनं परक्या पुरुषाला विचारायची पद्धत नाही. विचारलं.

"परसाकडं कधी गेला होतास?"

 तात्या माझ्याकडं असे बघायला लागले, जशी मी त्यांच्या तालमीतल्या मातीच्या हौद्यात चपला घालून उतरले होते. बिरूचे कान लाल झाले. तो पुटपुटला, "तीन दीस झालं."

"मग सांगायचं नाही कुणाला?" मी ओरडलेच.

"कुनाला सांगू? तात्यांना सांगितलं आसतं तर म्हनलं आसतं बैठका मार. आन तुमास्नी... आसं कसं सांगायचं, वहिनी?"

आता पुढचं वाक्य माझ्याकडं होतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं, बिरूलाही नाही. पण त्याचं ते भादरलेलं डोकं समोर होतं. मी तात्यांना म्हटलं, आणि हळू बोलायची मला सवयच नाही, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं, "तात्या, चूक माझी आहे. तुम्हाला तुरट पाहिजे म्हणून मी अर्कात साल घातली. साल पोट बांधते. उपाशीपोटी, पाण्याशिवाय, वाटीवाटीनं प्यायला, म्हणून पोरगा तुंबला."

दुसऱ्या एका तालमीचा वस्ताद खदखदून हसला. "वा! अर्क पिऊन पैलवान तुंबला! लावा की ह्येच फलकावर!" मग सगळेच हसले. 

एरंडेल द्यायचं तर काम व्हायला संध्याकाळ उजाडणार. गरम पाणी पाजावं तर पाण्याचंच वजन वाढणार. मी पदर खोचला आणि शाळेसमोरच्या औषधांच्या दुकानात गेले. तिथंही दोन पैलवान उभे. "ग्लिसरीनची कांडी द्या, खालून ठेवायची," मी म्हटलं. दुकानदारानं विचारलं, "बाळाला का मोठ्या माणसाला?" मी म्हटलं, "अडुसष्ट किलोच्या माणसाला, आणि हात जरा लवकर चालवा." कागदात गुंडाळलेली पुडी आणून तात्यांच्या हातावर ठेवली आणि वापरायची रीत त्यांच्या कानात सांगितली. त्या माणसानं उभ्या आयुष्यात भल्याभल्यांना चीत केलं होतं. पण ती पुडी हातात धरून ते असे उभे होते, जसं कुणी त्यांना विंचू धरायला दिलाय.

"तात्या, लाजत बसाल तर गाडी जाईल," मी म्हटलं. मग मात्र ते हलले. बिरूला दंडाला धरून शाळेच्या मागं घेऊन गेले.

मी टेबलाशी येऊन उभी राहिले. एकही बाटली विकली जात नव्हती. लोक फलक वाचायचे, माझ्याकडं बघायचे आणि हसत पुढं जायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. रडू येत होतं. पण डोळे शाळेच्या कोपऱ्यावर लागले होते. काटा बंद व्हायला थोडा वेळ असताना बिरू आला आणि खोलीत गेला. दार लागलं. आतून तात्यांची आरोळी आली, "बसला! काट्यात बसला!" 

पहिली कुस्ती बिरूनं मारली. फार सुंदर मारली, पट काढून, म्हणजे खाली झेपावून समोरच्याचे पाय ओढून. मी भिंतीजवळ उभी राहून बघत होते. दुसरी इंदापूरच्याच एका पोराशी. शेवटपर्यंत बरोबरीत. मग बिरूनं पुन्हा पटात सूर मारला आणि तिथंच त्याच्या पोटरीत गोळा आला. पाय ओढता येईना. समोरच्यानं पाठीमागं जाऊन दोन गुण घेतले, आणि शिट्टी झाली. चार दिवसांची उपासमार, कोरडं अंग, वर सकाळच्या त्या फेऱ्या. तिथं जमलेल्यांपैकी कुणाला काय वाटलं मला माहीत नाही. मला माझी कढई दिसत होती.

बिरूची निवड झाली नाही. दाखला गेला, नोकरी गेली.

घरी आल्यावर 'तालीम स्पेशल'च्या होत्या तेवढ्या बाटल्या फोडून खतात ओतल्या. दुकानांतून परत आणल्या, भरतीवाल्या पोरांना बोलावून सांगितलं. सासूबाईंच्या पुढं कानाला खडा लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तरी ऐकत जा." आठवड्यानं तात्या अंगणात आले. खूप वेळ बसले, चहा प्याले, पाऊसपाण्याचं बोलले. उठताना म्हणाले, "तुरट पायजे ह्यो हट्ट माजा हुता. त्या दिवशी चार लोकांत म्या बोलायला पायजे हुतं. धीर न्हाय झाला." मी म्हटलं, "तात्या, अर्क बनवला मी होता." धंदा पुन्हा उभा राहायला दीड-दोन वर्षं लागली. राहिला, आणि चांगला राहिला. त्यानंतर माझ्याकडून गोड अर्कच गेला. कुणी म्हणालं यात दम नाही, तर मी म्हणायचे, दम तुमच्यात असायला हवा, बाटलीत कशाला शोधता?

बिरू कऱ्हाटीला परत गेला. मेंढरांमागं मात्र गेला नाही. वडिलांची मेंढरं स्वतःच्या माळावर बसवून खत करून घेतलं आणि डाळिंब लावलं. बाग फळाला आली तशी तडकलेली फळं तो माझ्याकडं घेऊन यायला लागला, दरवर्षी, टेम्पोतून. आता जरा बोलायलाही लागला होता, लग्न झालं होतं, पोट सुटलं होतं. एका वर्षी माल उतरवून तो बायकांबरोबर दाणे काढत बसला. पापुद्रा असा नेमका काढत होता की मला बोट दाखवायला जागा नव्हती. इतकी वर्षं ओठांवर येऊन परत जाणारी गोष्ट त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेली.

"बिरू, तुझी ती कुस्ती माझ्यामुळं गेली रे. नाहीतर आज कुठं असतास."

त्याचे हात थांबले. बायकाही थांबल्या. मला वाटलं, आता तो जाऊ द्या म्हणेल, नशीब म्हणेल, लोक म्हणतात तसं. पण त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. अंगणाच्या टोकाला उभा राहायचा त्या पोरानं असं कधी बघितलं नव्हतं.

"वजन तुमच्यामुळं वाढलं, वहिनी, आन तुमच्यामुळंच उतरलं. त्यो हिसाब तितंच मिटला. पर कुस्ती म्या खेळलो. पट म्या चुकीच्या टायमाला काढला, दम न्हाय ह्ये ठावं आसून काढला. आयुष्यात एकच मोठी कुस्ती खेळलो, आन हारलो. ती हार तरी माजी ऱ्हाऊ द्या की."